कॅन्सर बरा झाला, रिपोर्ट नॉर्मल. मग आईला अजून त्रास का होतोय?

तुम्ही लिहिलंय की आईच्या स्तनाच्या कॅन्सरचे उपचार संपून दोन वर्षं झाली, रिपोर्ट चांगले आहेत. तरी तळपाय बधिर, ऑपरेशनच्या बाजूचा हात सुजतो, दुपारपर्यंत गळून जातात आणि घरातले म्हणतात, 'मनाचे खेळ आहेत.' नाहीत. मी नाशिकच्या इंदिरानगरला राहते, याच आजारातून उठलेय. डॉक्टर नाही, पण या तक्रारी मला तोंडपाठ आहेत.

रिपोर्ट नॉर्मल याचा अर्थ आजार परत आल्याचं दिसत नाही, एवढाच. उपचार अंगात काय मागे ठेवून गेले, ते त्या कागदावर येत नाही. ते आपणच विचारायचं असतं.

बधिरपणा बहुतेक पॅक्लिटॅक्सेलसारख्या केमोचा. त्याने नसांना इजा होते. काहींची काही महिन्यांत भरून निघते, काहींना वर्षानुवर्षं पुरते. माझी चप्पल चालता चालता पायातून निसटते आणि मला कळतं ते मागून कुणी 'अहो, चप्पल!' ओरडल्यावर. रामकुंडाच्या ओल्या पायऱ्या मी कुणाचा हात धरल्याशिवाय उतरत नाही. आईंना सांगा, आंघोळीचं पाणी पायाने नाही, चांगल्या हाताच्या कोपराने बघायचं, आणि रात्री तळवे उजेडात बघून झोपायचं. काच रुतली तरी कळत नाही. आग होत असेल, दुखत असेल तर डुलोक्सेटिन देतात, पण टॅमॉक्सिफेन (कॅन्सर परत येऊ नये म्हणून देतात ती हार्मोनची गोळी) चालू असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा. दोन्ही एकत्र घेतल्यास टॅमॉक्सिफेनचा परिणाम कमी होऊ शकतो.

हाताचं मात्र लांबवू नका. काखेतल्या गाठी (लसिकाग्रंथी) काढल्या की लसिकेचा, म्हणजे अंगातल्या पाणीदार द्रवाचा, निचरा अडू शकतो आणि हात सुजतो, त्याला लिम्फेडेमा म्हणतात. संध्याकाळी बांगडी रुतायला लागली की समजायचं. लघवी होण्याच्या गोळ्यांनी ही सूज उतरत नाही आणि तेल लावून रगडणारी मालिशवाली तर अजिबात नको. याचं खास शिक्षण घेतलेले फिजिओथेरपिस्ट असतात. हलक्या हाताचा मसाज, पट्ट्या, मग मापाचा घट्ट स्लीव्ह, असं ते करतात. 'त्या हाताने काही उचलूच नका' हा सल्ला आता जुना झाला. त्यांच्या देखरेखीखाली व्यायाम हळूहळू वाढवता येतो. हात लाल, गरम झाला आणि ताप आला तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठा, तो जंतुसंसर्ग असतो.

थकव्यासाठी आधी हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर तपासा. तिथे काही निघालं नाही तर चालणं. ऐकून राग येतो, मलाही आला होता, पण थकलेल्या माणसाला विश्रांतीपेक्षा चालण्यानेच जास्त फरक पडतो. मी कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर जाते, दमले की बाकावर बसते. लेट्रोझोल (तशीच दुसरी हार्मोनची गोळी) चालू असेल तर सांधे धरतात आणि हाडं ठिसूळ होऊ शकतात, हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा स्कॅनचं विचारा. केमोत लाल औषध (डॉक्सोरुबिसिन) दिलं होतं का तेही बघा. ते हृदयावर ताण देतं, म्हणून टूडी इकोबद्दल, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीबद्दल, विचारायचं.

केमो चालू असताना माझ्याकडे डबे आणणाऱ्यांची रीघ होती. केस परत आले आणि डबे बंद झाले. मॅमोग्राफीच्या आधीचा आठवडा मला अजूनही झोप लागत नाही, आणि हे घरात बोललं की 'आता बरी झालीस ना' ऐकावं लागतं. आईंना तेवढं तरी बोलू द्या. झोप महिनोन्‌महिने उडाली असेल तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवण्यात काही वावगं नाही.

कुठे दाखवायचं? ज्यांनी उपचार केले त्यांच्याकडेच पहिल्यांदा. त्यांच्याकडून कुठली औषधं, किती डोस, रेडिएशन कुठे, याचा एक पानाचा गोषवारा लिहून घ्या. नव्या डॉक्टरपुढे जाडजूड फाईल उघडायला वेळ नसतो. फॉलोअप परळच्या टाटाला असेल तर रेल्वेची सवलत नुसत्या तपासणीसाठीही मिळते आणि सोबत्यालाही लागू असते. पंचवटी एक्सप्रेसच्या सेकंड सीटिंगला आणि एसी चेअर कारला मूळ भाड्यात 75 टक्के सूट आहे. फॉर्मवर हॉस्पिटलची सही-शिक्का लागतो, तो निघायच्या आधी हातात असू द्या.