दोन्ही दिवे लागतात, गुण मात्र एकालाच

प्रश्न : पॅरिस ऑलिंपिकमध्ये तलवारबाजीतील सेबर प्रकाराच्या लढती पाहिल्या. बहुतेक वेळा दोन्ही खेळाडूंचे दिवे एकदमच लागत होते, तरी पंच गुण एकालाच देत होते. कारकीर्द जर पंचांच्या मर्जीवर चालणार असेल, तर हा खेळाडू वर्षानुवर्षे सराव तरी कशाचा करतो?

उत्तर : मर्जीचा भाग तुम्हाला वाटतो त्याहून पुष्कळ कमी आहे, पण शंका रास्त आहे. फॉइल आणि एपी या प्रकारांत केवळ पात्याच्या टोकाने स्पर्श करावा लागतो. सेबरमध्ये टोकाबरोबर धारही चालते आणि कमरेच्या वरचे धड, हात व डोके हे सगळे लक्ष्य असते. त्यामुळे नुसता स्पर्श करणे फारसे अवघड राहत नाही, आणि म्हणूनच दोघांनीही स्पर्श केला असता गुण कोणाचा, हे ठरवणारा अग्रहक्काचा नियम या खेळाचा कणा ठरतो. ज्याने आधी हात पुढे करून आक्रमण सुरू केले त्याच्याकडे हक्क असतो. प्रतिस्पर्ध्याने ते पाते अडवले, किंवा मागे सरून वार हुकवला, की हक्क त्याच्याकडे जातो. दोघांनी एकाच क्षणी सारखेच आक्रमण केले, तर कोणालाही गुण मिळत नाही. दिवा केवळ स्पर्श झाल्याचे सांगतो, तो स्पर्श ग्राह्य कोणाचा हे पंच सांगतात, आणि ते न पटल्यास खेळाडूला ठरावीक मर्यादेत चित्रफितीच्या आधारे फेरविचार मागता येतो.

तेव्हा सराव कशाचा, तर पुढाकार खरोखर घेण्याचा आणि तो पंचांना निःसंशय दिसेल असा घेण्याचा. ज्या पट्टीवर लढत होते ती 14 मीटर लांब असली, तरी दोघे परस्परांपासून 4 मीटरवर उभे राहतात आणि पुष्कळसे गुण त्या मधल्या जागेतच निकाली निघतात. सरळ चालून जायचे, अर्धे पाऊल टाकून थांबायचे आणि समोरच्याचा वार तोकडा पडू द्यायचा, की मागे सरत त्याला ओढून घ्यायचे, हे खेळाडूला सुरुवातीचा आदेश मिळण्यापूर्वीच बरेचसे ठरवावे लागते, आणि पहिल्याच पावलावर ते बदलण्याची तयारीही ठेवावी लागते. पायांचे काम तासन्‌तास घोटले जाते ते यासाठी. पात्याच्या करामती प्रेक्षकांना अधिक दिसतात, एवढेच.

यंत्राचाही यात वाटा आहे. एकाचा स्पर्श नोंदला गेल्यावर दुसऱ्याचा स्पर्श किती वेळापर्यंत ग्राह्य धरायचा, याची मुदत पूर्वी 120 मिलिसेकंद होती, ती 2016 मध्ये 170 करण्यात आली. वरवर नगण्य वाटणाऱ्या या बदलामुळे, समोरून येणाऱ्या आक्रमकाला चटकन टोचून त्याचा दिवाच लागू न देण्याची युक्ती बरीच अवघड झाली, आणि त्या युक्तीवर विसंबून असलेल्यांना आपला खेळ नव्याने मांडावा लागला. उमेदीच्या वर्षांत नियम असा पायाखालून सरकणे, हाही या कारकिर्दीचा भाग आहे.

मनाचे बळ कुठे लागते, हे 2012 च्या लंडन ऑलिंपिकमधील एका उपांत्य लढतीने दाखवले. अमेरिकेची मॅरियल झॅगुनिस ही 2004 आणि 2008 ची सुवर्णविजेती. ती दक्षिण कोरियाच्या किम जी-यॉनविरुद्ध 12-5 अशी पुढे होती आणि तरीही 13-15 अशी हरली. पंधरा गुणांच्या लढतीत एक खेळाडू आठवर पोहोचला की विश्रांती मिळते, त्यानंतर मात्र सावरायला सवड मिळत नाही. समोरचीला आपला इरादा एकदा वाचता येऊ लागला, की प्रत्येक गुण काही सेकंदांत संपणाऱ्या या प्रकारात सात गुणांची आघाडीही बघता बघता विरघळते. किमने पुढे सुवर्णपदकही जिंकले.

प्रश्न : सेबर हा तिन्ही प्रकारांत सर्वांत वेगवान मानला जातो. मग तिशीनंतर खेळाडू त्यात टिकतात कसे?

उत्तर : पायांचा वेग ओसरतो, निवड करण्याचा वेग मात्र बराच काळ वाढत राहतो. हंगेरीच्या आरोन सिलाज्यीने वैयक्तिक सुवर्णपदक 2012, 2016 आणि टोकियो अशा सलग तीन ऑलिंपिकमध्ये जिंकले, आणि तिसऱ्या वेळी तो 31 वर्षांचा होता. त्याच देशाच्या अलादार गेरेविचने 1932 ते 1960 या काळात सलग सहा ऑलिंपिकमध्ये सांघिक सुवर्ण मिळवले, शेवटचे वयाच्या पन्नासाव्या वर्षी. हे उदाहरण मात्र फार ताणू नये, कारण तेव्हा सेबरमध्ये विद्युत नोंदणी नव्हती, स्पर्श डोळ्यांनी टिपले जात, आणि खेळाची चालही वेगळी होती.

शरीर मात्र हिशेब मागतेच. एकच पाय सदैव पुढे ठेवून वारंवार लांब झेप घ्यावी लागत असल्याने गुडघा, घोटा आणि मांडी यांवर एकांगी ताण येतो, म्हणून दुसऱ्या बाजूचा व्यायाम जाणीवपूर्वक करावा लागतो. ज्यांनी ही शिस्त लवकर अंगी बाणवली त्यांचीच वर्षे वाढतात, असे माझे मत आहे.

प्रश्न : माझी मुलगी अकरा वर्षांची आहे आणि तिला सेबर शिकायचे आहे. उशीर झाला आहे का?

उत्तर : नाही. भवानी देवीने 2004 मध्ये शाळेत असताना सुरुवात केली, तेव्हा ती साधारण याच वयाची होती. ऑलिंपिकसाठी पात्र ठरलेली ती पहिली भारतीय तलवारबाज. टोकियोत पहिली लढत तिने 15-3 अशी जिंकली आणि दुसऱ्या लढतीत फ्रान्सच्या मानों ब्रुनेकडून 7-15 अशी हरली. ब्रुनेने पुढे पॅरिसमध्ये सुवर्ण जिंकले. भवानीचा मोठा विजय त्यानंतरचा आहे. 2023 च्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत तिने तेव्हाच्या विश्वविजेत्या जपानच्या मिसाकी एमुराला 15-10 असे हरवून कांस्यपदक निश्चित केले आणि उपांत्य लढत 14-15 अशी एका गुणाने गमावली. सुरुवात आणि हे पदक यांमध्ये जवळजवळ एकोणीस वर्षे आहेत. त्यामुळे मुलीच्या वयापेक्षा प्रशिक्षकाची चौकशी अधिक करा. पहिले काही महिने तो पात्यापेक्षा पायांवर अधिक वेळ देत असेल, तर तिला तिथे निर्धास्तपणे घाला.