तुऱ्यातल्या बियापासून उसाचा वाण होतो का?

प्रश्न : आमच्या को ८६०३२ वाणाच्या उसाला हिवाळ्यात तुरे (फुलोरा) येतात. त्यातले बी पेरून जास्त फुटव्यांचा वाण घरीच काढता येईल का? खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटणारे पीक) दुसऱ्या वर्षीच विरळ होतो. (शहादा तालुका)

उत्तर : हौस म्हणून पेरा, वाणाची आशा नको. रात्रीचे तापमान २० अंशांखाली गेले की उसाचे बहुतेक परागकण वांझ निघतात, आणि तापीकाठी तुरा येतो तो नेमका थंडीत. म्हणून संकर होतात ते कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेत किंवा वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटच्या (व्हीएसआय) आंबोली केंद्रात. बी उगवलेच, तरी उसात शंभरावर गुणसूत्रे असल्याने प्रत्येक रोप वेगळे निघते. को ८६०३२ हा को ६२१९८ आणि कोसी ६७१ यांचा संकर. त्याचे बी पेरून पुन्हा को ८६०३२ मिळत नाही. पैदासकार हजारो रोपांतून मूठभर ठेवतात, ती बियाऐवजी उसाच्या कांड्या लावून वाढवतात आणि शेवटी दोन लागणी (नव्याने लावलेली पिके) व एक खोडवा अशी पारख करतात. लागणीत भरघोस दिसलेले कितीतरी वाण खोडव्यात मार खातात. यात दहा-बारा वर्षे सहज जातात.

शेतातल्या जोमदार बेटांचेच (उसाच्या झुपक्यांचेच) बेणे, म्हणजे लावायच्या कांड्या, धरले तरी वाण बदलत नाही, कारण सगळी बेटे एकाच वंशाची. रोगट बेट तेवढे टळते.

तुमचा खोडवा विरळ होण्याचे कारण आधी बेण्यात आणि तोडणीत शोधा. बेटात गवतासारखे बारीक, पांढुरके फुटवे दिसले तर तो गवताळ वाढ हा रोग. बेट मुळासकट काढून नष्ट करा. पुढचे बेणे उष्ण-बाष्प हवेत ५४ अंशांवर ४ तास प्रक्रिया केलेल्या बेण्यापासून वाढवलेल्या बेणेमळ्यातले, ९ ते ११ महिन्यांच्या लागणीचे घ्या. खोडव्याचे कधीच नको. बेटे निरोगी असतील तर बुडखे पाहा. तोडकरी वीतभर वर तोडतात, मग वरचे डोळे फुटतात, मुळे उथळ राहतात आणि फुटवा तग धरत नाही. बुडखे जमिनीलगत धारदार कोयत्याने छाटून ०.१ टक्के कार्बेन्डाझिम फवारा. पाचट (उसाची वाळलेली पाने) जाळू नका, सरीत दाबा. त्यावर एकरी ३२ किलो युरिया, ४० किलो सुपर फॉस्फेट आणि ४ किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाका. दोन फुटांपेक्षा मोठ्या नांग्या (रिकाम्या जागा) त्याच वाणाच्या पिशवीतल्या रोपांनी भरा. कांडी लावली तर ती शेजारच्या फुटव्याच्या सावलीत मागे पडते. खत पहारीने, बुडख्यापासून अर्धा फूट दूर आणि तितकेच खोल द्या: पहिला हप्ता १५ दिवसांत, दुसरा १३५ दिवसांनी.

प्रश्न : तोड मार्चअखेर मिळाली. खोडवा ठेवावा का? (चोपडा तालुका)

उत्तर : नको. खोडव्यासाठी तोडणी १५ फेब्रुवारीपर्यंत झालेली बरी. एप्रिलच्या ४० अंशांपुढच्या उन्हात कोवळे फुटवे करपतात आणि खोडकिडा वाढतो. पाणी भरपूर असले तरी रान मोडून ताग घ्या.