५ वॅटवर खरंच कुणी ऐकतं का? आणि व्हॉट्सॲप असताना हे सगळं कशासाठी?

हो, ऐकतात. तुम्ही विचारलंय की हॅम रेडिओत, म्हणजे हौशी बिनतारी संपर्कात, ४० मीटर बँडवर (७ मेगाहर्ट्झच्या आसपास) ५ वॅटचा सेट चालेल का की सरळ १०० वॅटचा रिग घ्यावा, आणि मुळात मोबाईलच्या काळात हा खटाटोप कशाला. मी पुण्यात बिल्डिंगच्या गच्चीवरून बरीच वर्षं क्यूआरपीच करतोय, म्हणजे मोर्सवर ५ वॅट किंवा त्याहून कमी, त्यामुळे अनुभवाचं सांगतो.

आधी हिशोब बघा. १०० वॅट म्हणजे ५ च्या २० पट, पण डेसिबलमध्ये तो फरक १३ चा, आणि एस-मीटरवरचा (सेटवरचं सिग्नलची ताकद दाखवणारं मीटर) एक आकडा ६ डेसिबलचा, म्हणजे समोरच्याला तुम्ही एस ७ ऐवजी एस ५ च्या जरा खाली दिसणार, बास. मोर्समध्ये एवढा सिग्नल आरामात वाचता येतो, कारण दोन-तीनशे हर्ट्झचा फिल्टर पुरतो आणि बाकीचा गोंगाट बाहेरच राहतो. एसएसबीवर, म्हणजे तोंडी आवाजात, बोलायचं तर अडीच हजार हर्ट्झच्या आसपास लागतात, तिथे ५ वॅटला दम लागतो हे खरंय.

म्हणून पैसे वॅटवर नका घालू, ॲंटेनावर घाला. दोन्ही बाजूंना साधारण १०-१० मीटर तांब्याची वायर, मधला भाग टाकीवरच्या पाईपला उंच, टोकं खाली उतरती. स्वस्तातली दोरी उन्हानं कडक होऊन तुटते, ती पावसाळ्याआधी बदलायची. सोसायटीला आधी विचारा, आमच्याकडे सेक्रेटरी काकांना एकदा हेडफोन लावून ऐकवलं आणि विषय मिटला.

खरा शत्रू आहे तो नॉइज. संध्याकाळी सगळ्यांचे एलईडी बल्ब, चार्जर, इन्व्हर्टर चालू झाले की बँडवर नुसती घरघर. मे महिन्यात एकदा अख्ख्या एरियाची लाईट गेली, माझा सेट १२ व्होल्टच्या बॅटरीवर होता, आणि हेडफोनमधली घरघर एकदम कापल्यासारखी बंद. त्या शांततेत थायलंडचं एक स्टेशन बारीक आवाजात सीक्यू (कुणीही उत्तर द्या अशी हाक) देत होतं, जे आधीही तिथेच असणार. मी उत्तर दिलं, त्याला माझा कॉल साईन (स्टेशनचं ओळख-नाव) अर्धाच मिळाला, मी परत पाठवला, मग पूर्ण मिळाला, रिपोर्ट ३३९, म्हणजे सिग्नल कमजोर, वाचायला कष्टाचा, पण सूर स्वच्छ. लाईट यायच्या आत क्यूएसओ (दोन स्टेशनांमधला संपर्क) पूर्ण झाला. किती आनंद झाला ते काय सांगू!

त्याहून कमी पॉवर बघायची असेल तर डब्ल्यूएसपीआर करा, म्हणजे कमी पॉवरचा सिग्नल कुठवर पोचतो ते आपोआप तपासायची पद्धत. १९९३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेले ज्यो टेलर यांनी ते २००८ मध्ये आणलं. कॉल साईन, लोकेटर (ठिकाणाचा कोड, पुण्याचा एमके६८) आणि पॉवर मिळून फक्त ५० बिट, आणि ते पाठवायला जवळपास दोन मिनिटं! इतकं संथ असल्यामुळेच २०० मिलिवॅटचा सिग्नल नॉइजच्या खाली गाडलेला असला तरी निघतो. रात्री लावून ठेवायचं आणि सकाळी चहा घेताना नकाशावर बघायचं कुणी कुणी ऐकलं, कधी युरोप, कधी ऑस्ट्रेलिया.

आता कशासाठी. निरोप पोचवायला व्हॉट्सॲप आहेच, पण दिवसा आयनोस्फिअरचा (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित भागाचा) डी थर ४० मीटरचे सिग्नल शोषतो, सूर्य कलला की तो विरतो आणि लांबची स्टेशनं एकेक करून वर येतात, हे रोज स्वतःच्या कानांनी ऐकणं ही वेगळीच गोष्ट आहे. शिवाय पॉवर कमी असली की दुसऱ्यावर चढून बोलता येत नाही, तो कधी थांबतोय याची वाट बघावी लागते. माझ्या बाबांना आता कमी ऐकू येतं. त्यांच्याशी ओरडून उपयोग नाही, थांबून बोलायचं, महत्त्वाचा शब्द दोनदा, मग त्यांना वेळ द्यायचा, ही सवय मला बँडवरच लागली.

ट्रान्समिट करायला डब्ल्यूपीसीचं (केंद्र सरकारच्या वायरलेस विभागाचं) लायसन्स लागतं, त्यातल्या रिस्ट्रिक्टेड ग्रेडला, म्हणजे खालच्या वर्गाला, मोर्सची परीक्षा नाही. सेट स्वतः बनवायचा असेल तर हैदराबादच्या अशर फरहान यांचा बिटएक्स बघा, सर्किट सगळ्यांसाठी खुलं आहे. आणि परीक्षा होईपर्यंत ब्राउझरमध्ये एखादा वेबएसडीआर (इंटरनेटवरून ऐकता येणारा रेडिओ रिसीव्हर) उघडून ७.०३० मेगाहर्ट्झवर कान लावा, क्यूआरपीवाले तिथेच भेटतात.