गोव्याहून लिस्बनला विमानाने जायला अंतर किती आणि एकूण वेळ किती लागतो?

तुम्ही लिस्बनला आहात, आई-बाबा डिचोलीला, आणि दोघं पहिल्यांदाच परदेशी निघालेत असं तुम्ही लिहिलंय. मी म्हापशात तिकिटं काढून देण्याचं काम करतो, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

सरळ अंतर साधारण 8,350 किलोमीटर. थेट विमान असतं तर दहा तासांत पोचले असते, पण गोव्याहून तसं विमान नाही. तेव्हा मधे कुठे थांबायचं, हेच महत्त्वाचं. पृथ्वीगोलावर गोवा ते लिस्बन दोरा ताणून बघा, तो कतारमधल्या दोहाच्या अगदी जवळून जातो. म्हणून दोहामार्गे अंतर फारसं वाढतच नाही. पहिला टप्पा चार तासांचा, दुसरा आठ तासांचा. मधे तीन तास धरा, म्हणजे झाले पंधरा. गोव्याला परत येताना वरचे वारे पाठीशी असतात, तास-दीड तास कमी लागतो.

तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या असतात, तिथे लोक फसतात. हिवाळ्यात पहाटे 4 ला निघून दुपारी 1.30 ला पोचणार असं दिसलं, तर प्रवास साडेनऊ तासांचा नव्हे, पंधराचा आहे. हिवाळ्यात लिस्बन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर साडेचार.

मुंबईहून स्वस्त मिळतंय म्हणून गोवा-मुंबई वेगळं तिकीट काढू नका. सामान सोडवून घ्या, कदाचित टर्मिनल बदला, परत चेक-इन करा, आणि पहिलं विमान उशिरा आलं तर पुढचं तिकीट वाया. वयस्कर माणसांना हा ताण कशाला? सगळा प्रवास एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग नंबरवर हवा. दोन विमानांमधे फक्त दीड तास मिळेल असं कनेक्शनही टाळा. दोह्याला पुन्हा तपासणी होते आणि चालायला खूप लागतं. व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागून ठेवा, त्यात कमीपणा काही नाही.

शिवाय तिकिटावर जीओआय आहे की जीओएक्स ते बघा. पहिलं म्हणजे दाबोळी, दुसरं मोपा. दोन्हींपुढे नुसतं 'गोवा' लिहिलेलं असतं, आणि चुकीच्या विमानतळावर गेलं तर दुसरीकडे वेळेत पोचणं कठीण. विमानाच्या तीन तास आधी पोचायचं म्हटलं की घरापासून घरापर्यंत वीस-एकवीस तास होतातच.

दोहामार्गे आले तर इमिग्रेशन लिस्बनलाच होईल आणि तिथली रांग मोठी असू शकते. परतीचं तिकीट, विमा आणि तुमचं निमंत्रणपत्र हातातल्या बॅगेत द्या. तुमचा पत्ता आणि फोन नंबर कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून आईंच्या पर्समध्ये ठेवायला सांगा. मोबाइलची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते.