आकडा वीस हजारांचा, तरी बूड ओलं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: स्कीइंग लिफ्ट असलेल्या रिसॉर्टवरच करायचं, पण हिमवादळाच्या दिवशीही खोलीत बसून राहायचं नाही. तर लेबलवर 10,000 चा वॉटरप्रूफ आकडा असलेली पँट पुरेल की 20,000 चीच हवी? आतून गरम थर असलेली घ्यावी की नुसतं शेल, म्हणजे गरम थर नसलेलं बाहेरचं कवच? आणि साधी पँट की बिब, म्हणजे छातीपर्यंत येणारी, खांद्यांवर पट्टे असलेली पँट? आधी आकड्याचं बघू, कारण याच आकड्याच्या नादात मी स्वतः एक अख्खा हंगाम चुकीच्या गोष्टीला दोष देत बसलो होतो.

10,000 म्हणजे 10,000 मिलिमीटर. कापडावर 10 मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ पेलला जातो, तोवर पाणी आरपार येत नाही. हा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो होतो. आता ढोबळ हिशेब करा. 75 किलोचा माणूस चेअरलिफ्टवर (उतारावर वर नेणाऱ्या टांगत्या बाकावर) बसला आणि त्याचं वजन हजारेक चौरस सेंटिमीटरवर पसरलं, तर दाब भरतो जेमतेम 750 मिलिमीटरचा. गुडघे टेकून बाइंडिंगमधला (बूट स्कीला अडकवणाऱ्या पकडीतला) बर्फ खरवडताना तेच वजन शंभरेक चौरस सेंटिमीटरवर येतं, तेव्हा तो 7,500 च्या घरात जातो. म्हणजे कागदावर 10,000 ची पँटसुद्धा पुरायला हवी. मग दुपारपर्यंत बूड ओलं का होतं?

एक कारण म्हणजे झीज. आकडा नव्या कापडाचा असतो. लिफ्टच्या बाकावर दिवसाला वीस-पंचवीस वेळा घासून, दुमडून, धुऊन ते कापड तसंच राहत नाही, आणि बूड-गुडघे सगळ्यांत आधी जातात. म्हणून 20,000 च्या पँटमध्ये जास्तीचे दहा हजार असतात ते झिजेसाठी हाताशी ठेवलेली शिल्लक म्हणून. हंगामात चार-पाच दिवस जाणार असाल तर ती शिल्लक तुमच्याकडून वापरलीही जाणार नाही. (स्नोबोर्डवाल्यांचं वेगळं, त्यांचा निम्मा दिवस बर्फावर बसूनच जातो.)

दुसरं कारण मला उशिरा कळलं. माझी 20,000 ची पँट दुसऱ्याच हंगामात आतून ओली लागायला लागली. शून्याच्या आसपासचा चिकट, ओला बर्फ पडत होता. मी मनातल्या मनात बनवणाऱ्याला भरपूर शिव्या दिल्या. घरी येऊन खुर्चीवर ओलाचिंब टॉवेल घातला, पँट आणि आतल्या कपड्याच्या मध्ये टिश्यू पेपर ठेवला आणि अर्धा तास त्यावर बसून राहिलो. टिश्यू कोरडाठाक! पाणी बाहेरून आलंच नव्हतं, तो माझाच घाम होता.

होतं असं, की अशा पँटमध्ये पाणी अडवणारा आणि वाफ जाऊ देणारा एक पातळ पडदा असतो, आणि त्या पडद्याच्या बाहेरच्या कापडाला पाणी झटकणारा एक लेप असतो, त्याला डीडब्ल्यूआर म्हणतात. तो शाबूत असेल तर थेंब अळवाच्या पानावरच्यासारखा घरंगळून जातो. मळ, घाम आणि घासण्याने तो गेला की बाहेरचं कापड पाणी पितं. आतला पडदा पाणी अडवतोच, पण वरचं कापड भिजून गार पडल्यामुळे घामाची वाफ बाहेर जात नाही, तिथेच थंड होऊन तिचं पाणी होतं. उणे 10 च्या कोरड्या बर्फात हे फारसं जाणवत नाही, कारण तो बर्फ नुसता झटकला की पडतो. पँटची खरी परीक्षा शून्य ते दोन अंशांमध्ये होते.

त्यामुळे वॉटरप्रूफच्या आकड्यापेक्षा घाम कसा बाहेर जाणार याचा विचार जास्त करा. त्याचेही आकडे असतात, 24 तासांत एका चौरस मीटरमधून किती ग्रॅम वाफ गेली याचे. पण ते मोजायच्या पद्धती निरनिराळ्या आहेत. उलट्या कपाच्या चाचणीत सरळ कपापेक्षा बराच मोठा आकडा येतो, त्यामुळे दोन ब्रँडचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका. आरईटी, म्हणजे वाफेला कापड किती अडवतं त्याचा आकडा, दिलेला असेल तर तो बघा. तो जितका कमी तितकं चांगलं: 6 च्या खाली उत्तम, 20 च्या वर म्हणजे प्लास्टिकची पिशवीच.

आणि खरं सांगू? कुठल्याही पडद्यापेक्षा मांडीवरची उघडणारी झिप जास्त काम करते. बॉब गोर यांनी 1969 मध्ये पीटीएफई (टेफ्लॉन ज्याचं असतं ते प्लास्टिक) झटक्यात ताणून अशा पडद्यासाठीचा सच्छिद्र पदार्थ मिळवला, 1976 मध्ये त्याचं गोरटेक्स कापड बाजारात आलं, तेव्हापासून पडदे खूप सुधारले. पण मोगल्समधून (उतारावरच्या बर्फाच्या उंचवट्यांमधून) उतरताना सुटणारा घाम कुठलाच पडदा तेवढ्या वेगाने बाहेर टाकू शकत नाही. झिप नसलेली पँट मी घेणार नाही, मग तिच्यावर कितीही मोठा आकडा असो. आतल्या बाजूच्या झिपला जाळी असलेली बरी. बिनजाळीची जास्त हवेशीर असते, पण ती उघडी असताना पडलात की मांडीत बर्फाचा गोळा जाऊन बसतो. लिफ्टवर वारा असेल तर बसण्याआधी झिप बंद करायची सवय लावून घ्या.

गरम थराबद्दल माझं मत एकतर्फी आहे: शेल घ्या. आत पातळ लोकरीचा किंवा पॉलिएस्टरचा थर घाला, थंडी वाढली तर जाड. सुती मात्र अजिबात नको. ज्यांना मुळातच थंडी बाधते, किंवा जे मुलांना शिकवत तासन्‌तास उतारावर उभे राहतात, त्यांनी गरम थराची पँट खुशाल घ्यावी. शेलमध्ये तीन थरांचं कापड (बाहेरचं कापड, पडदा आणि अस्तर एकमेकांना चिकटवलेलं) सर्वांत टिकाऊ. सुटं अस्तर असलेलं दोन थरांचंही रिसॉर्टसाठी छान चालतं. अडीच थरांचं (अस्तराऐवजी पडद्यावर नुसता पातळ लेप असलेलं) टाळा, घाम आला की ते मांडीला चिकटतं.

शिवणीच्या भोकांतून पाणी येऊ नये म्हणून आतून टेप लावतात; ती सगळ्या शिवणींना आहे की फक्त मोक्याच्या शिवणींना, ते लेबलवर वाचा. वादळी दिवसांसाठी सगळ्याच हव्यात. 10,000 ची पूर्ण टेपवाली आणि 20,000 ची अर्धवट टेपवाली यांत मी डोळे झाकून पहिली उचलेन. खालच्या काठाला, दोन्ही पायांच्या आतल्या बाजूला जाड कापडाचं ठिगळ असावं, नाहीतर स्कीची धार पहिल्याच आठवड्यात तिथे चिरा पाडते. आणि पँट स्कीबूट घालून, उकिडवं बसून बघा. आतला लवचिक गेटर (बर्फ आत जाऊ नये म्हणून पायाशी असलेली पट्टी) बुटाच्या कवचावरून खाली यायला हवा.

आता धुण्याबद्दल. लोक पँट खराब होईल म्हणून धूतच नाहीत, आणि त्यानेच ती खराब होते. पीएफएएस (पाणी आणि तेल दोन्ही झटकणारी फ्लोरिनयुक्त रसायनं) नसलेले नवे लेप तेलकट मळापुढे आणखी लवकर हार मानतात. झिपा लावून, अशा कपड्यांसाठीच्या लिक्विडने धुवा आणि दोनदा खळबळा. पावडर आणि फॅब्रिक सॉफ्टनर नको. सुकल्यावर लेबलवर परवानगी असेल तर ड्रायरमध्ये मंद आचेवर वीसेक मिनिटं फिरवा, उष्णतेने लेप पुन्हा जागा होतो. तरीही थेंब घरंगळत नसेल तर फवारायचा नवा लेप मारा. माझी ती ‘गळकी’ पँट एवढ्यावरच सुधारली आणि पुढे तीन हंगाम चालली.

बिब की पँट? खोल ताज्या बर्फात पडणार असाल तर बिब, कमरेतून बर्फ आत जात नाही. तयार केलेल्या उतारांवर पँट पुरते. बिब घेणार असाल तर बाजूची झिप कमरेपासून खाली पुरेशी उघडते ना, हे घरीच जाकीट घालून तपासा. ते पहिल्यांदा कळण्याची जागा रिसॉर्टचं स्वच्छतागृह नसावी.