‘फकात’ म्हणजे फक्त नव्हे

आपण विचारले आहे की, तुर्की मालिका पाहताना ‘किताप’, ‘दुन्या’, ‘हेसाप’, ‘जेवाप’ असे ओळखीचे शब्द सारखे कानावर पडतात, तर मराठीचे आणि तुर्कीचे काही नाते आहे का, आणि त्यामुळे मराठी माणसाला तुर्की शिकणे सोपे जाते का. नाते नाही. तुर्की ही मराठीची बहीण नाही, मावशी नाही आणि लांबची चुलतीही नाही. दोन घरांनी एकाच सावकाराकडून उसने घेतले, एवढाच काय तो संबंध. तो सावकार म्हणजे फारसी, आणि फारसीच्या पाठीमागे अरबी. सोपे जाते का, याचे उत्तर मात्र मला एका वाक्यात देता येत नाही, कारण याच सोपेपणाने मला एकदा चांगलेच तोंडघशी पाडले आहे.

२०११ साली इचलकरंजीच्या एका कापड कारखान्यासाठी मागाचे सुटे भाग खरेदी करण्यास मी तीन महिने बुर्सा शहरात राहिलो होतो. पहिल्या पंधरवड्यातच माझी वही भरत आली. (वहीला तिकडे ‘देफ्तेर’ म्हणतात, आपण तोच शब्द मुलांच्या पाठीवर दप्तर म्हणून दिला.) बाजार तो ‘पाझार’, पडदा तो ‘पेर्दे’, हमाल तो ‘हामाल’, पनीर ते ‘पेयनिर’. शब्दाच्या शेवटी आलेला ‘ब’ तिथे ‘प’ होतो, पण पुढे स्वर आला की ‘ब’ परततो, म्हणजे पुस्तक ‘किताप’ आणि माझे पुस्तक ‘किताबम’, हेही माझ्या ध्यानात आले होते. अर्धी तुर्की आपल्याला जन्मतःच येते, असे मी घरी दूरध्वनीवर सांगितल्याचे आठवते.

पहिला धक्का लहान होता. गोदामातील एका वयस्कर मुकादमाने चहा पिताना माझ्याकडे बोट करून ‘बेक्यार?’ असे विचारले. सहा हजार लिरांचा माल त्याच दिवशी तपासून हातावेगळा केलेल्या माणसाला कोणी बेकार म्हणावे, याचा मला राग आला. त्याने स्वतःच्या बोटातील अंगठी दाखवली तेव्हा उलगडा झाला की, तुर्कीत ‘बेक्यार’ म्हणजे अविवाहित. शब्द एकच, फारसीतून आलेला. आपल्याकडे त्याने नोकरी गमावली आणि त्यांच्याकडे त्याचे लग्न राहिले.

दुसरा धक्का महाग पडला. एका शुक्रवारी संध्याकाळी तोच मुकादम मला म्हणाला, ‘माल हाझर, फकात क्याआत हाझर देइल.’ ‘क्याआत’ म्हणजे कागद, हे मला तोवर माहीत झाले होते. उरलेले वाक्य तर माझ्या कानाला निव्वळ मराठीच होते: माल हजर आहे, फक्त कागद तेवढे हजर करून देईल. मी समाधानाने मान हलवली आणि माल गेमलिक बंदराकडे निघाला, असे आमच्या शेठजींना कळवून टाकले. प्रत्यक्षात ‘फकात’ म्हणजे ‘परंतु’ आणि ‘देइल’ म्हणजे ‘नाही’. माल तयार आहे, परंतु कागद तयार नाहीत, असे तो बिचारा सांगत होता. पुढचे आठ दिवस पेट्या गोदामाच्या दारात तशाच उभ्या राहिल्या, न्हावाशेव्याला ठरवलेला ट्रक रिकामा परतला आणि त्याचे भाडे शेठजींनी माझ्या भत्त्यातून वळते केले. मूळ अरबीत ‘फकत’चा अर्थ ‘केवळ’ असाच आहे. तो आपण जपला आणि तुर्कांनी बदलला. परंतु ही माहिती ट्रकवाल्याला सांगून उपयोग नव्हता.

परत आल्यावर हा प्रसंग मी आमच्या थोरल्या काकांना सांगितला. काका निवृत्त संस्कृत शिक्षक. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि ‘साखरेला तिकडे काय म्हणतात?’ एवढेच विचारले. ‘शेकेर’, मी म्हणालो. ‘मग झाले तर! शर्करा. सगळे इथूनच गेले आहे.’ त्या दिवसापासून आमचा जो वाद सुरू झाला, तो कोणत्याही लग्नाच्या पंगतीत पहिला भात वाढून होण्याच्या आत पुन्हा निघतो.

साखरेपुरते काका बरोबर आहेत, हे मी तेव्हाही मान्य केले होते. शर्करा फारसीत ‘शकर’ झाली आणि पुढे तुर्कीत ‘शेकेर’. वांग्याचा प्रवास तर त्याहून देखणा आहे: संस्कृत ‘वातिंगण’ फारसीत ‘बादिंगान’, अरबीत ‘बादिंजान’ आणि तुर्कीत ‘पात्लजान’ झाले, तर घरी राहिलेल्या शब्दाचे प्राकृतातून झिजत झिजत वांगे झाले. पण दोन भाज्या परगावी गेल्या म्हणून सगळा बाजार आपला ठरत नाही. हिशेब, जबाब, खबर, हक्क, फायदा हे शब्द अरबी आहेत आणि ते दक्खनेत १३४७ साली बहमनी राज्य स्थापन झाल्यानंतर फारसी दफ्तरांतून मराठीत रुजले.

खरे तुर्की वंशाचे शब्द मराठीत आहेत, पण ते या यादीत कोणी घालत नाही. ते सैन्याबरोबर, मध्य आशियातून, फारसीच्या खांद्यावर बसून आले. आजच्या तुर्कस्तानाशी त्यांचा थेट व्यवहार झालेला नाही. तोफ, कुमक, एल्गार, चकमक आणि पोलीस ठाण्यातला मुचलका हे ते शब्द. तुर्कीत ‘तोप’ म्हणजे चेंडू आणि तोफही. तोफची, मशालची यांतला ‘ची’ हाही तुर्की प्रत्यय असून तिकडे चहा देणारा माणूस ‘चायजी’ असतो. चकमक मला बुर्सामध्ये अचानक भेटली. जेवणाच्या सुट्टीत एका कामगाराने ‘चाक्माक वार म?’ असे विचारून अंगठा हवेत दोनदा घासला. त्याला सिगारेट पेटवायला लायटर हवा होता. आजोबांच्या चंचीत तंबाखूशेजारी असणारा गारेचा तुकडा मला आठवला, त्यालाही घरात चकमकच म्हणत. मूळ क्रियापद ‘चाक्माक’, म्हणजे ठोकणे, ठिणगी पाडणे. आपल्याकडे ठिणगीवरून पुढे दोन सैन्यांची चकमकही झाली.

काकांचे दुसरे म्हणणे पहिल्याच्या नेमके उलट आहे, आणि हे दोन्ही ते एकाच जेवणात मांडू शकतात. हे शब्द परके असून ते भाषेतून काढून टाकले पाहिजेत, असे ते म्हणतात. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ केली, आणि केमाल पाशाने तर १९२८ साली लिपी बदलून १९३२ साली भाषेसाठी स्वतंत्र संस्था काढली, हे दाखले ते देतात. दाखले खरे आहेत. तुर्कांनी ‘मेक्तेप’ हा अरबी शब्द काढून शाळेला ‘ओकुल’ केले आणि संगणकाला ‘बिल्गिसायार’ हा घरचा शब्द घडवला, तो चांगला रुळला. पण इतके करूनही त्या ओकुलात मुले आजही ‘किताप’ उघडतात आणि ‘कालेम’नेच लिहितात, हे काका ऐकून घेत नाहीत. जे शब्द आपलेच आहेत ते काढायचे कशाला, आणि काढायचे असतील तर ते आपले कसे, हे मी त्यांना अनेकदा विचारले आहे. काका पत्रात ‘उपनेत्र’ लिहितात, परंतु सकाळी वर्तमानपत्र आले की काकूंना ‘माझा चष्मा कुठे आहे?’ असेच विचारतात. तुर्कीत ‘चेश्मे’ म्हणजे रस्त्यावरचे पाण्याचे कारंजे. दोन्हींच्या मुळाशी फारसी ‘चश्म’, म्हणजे डोळा.

आपल्या प्रश्नाचा उरलेला भाग. मराठी माणसाला तुर्कीत खरी मदत होते ती सारख्या शब्दांची नव्हे, तर वाक्यरचनेची, हे माझे मत आहे. क्रियापद शेवटी येते आणि विभक्तीचे काम शब्दाला मागून चिकटणारे प्रत्यय करतात: ‘एव’ म्हणजे घर, ‘एवदे’ घरात, ‘एवदेन’ घरातून, ‘एवलेरिमिझदेन’ आमच्या घरांतून. लिंगभेद मुळीच नाही. तो, ती आणि ते यांना मिळून एकच ‘ओ’. त्रास होतो तो स्वरांचा, कारण मूळ शब्दातील स्वराप्रमाणे प्रत्ययाचा स्वर बदलतो, म्हणून ‘एवदे’ पण ‘ओकुलदा’. अर्थात मी भाषाशास्त्रज्ञ नाही, माझी तुर्की गोदामातली आणि चहाच्या टपरीवरची आहे, आणि वरचे उच्चार मी माझ्या कानाला लागले तसे देवनागरीत लिहिले आहेत. सारख्या शब्दांची वही आपण जरूर करा, परंतु प्रत्येक शब्दापुढे तुर्की अर्थ वेगळा लिहा. ‘मिसाफिर’ तिथे प्रवासी नसून पाहुणा असतो आणि ‘तमाम’ म्हणजे सगळे नसून ‘ठीक आहे’. शिवाय व्यवहाराच्या बोलण्यात वाक्य संपताना ‘देइल’ ऐकू आले, तर कोणी काही देणार आहे, असे समजू नका.