राजापूरचा आंबा, देवगडचं खोकं

प्रश्न: राजापूर तालुक्यात खाडीकाठी आमची दीडशे हापूस कलमं आहेत. वडिलांच्या नावे जीआयचं (भौगोलिक उपदर्शन, म्हणजे मालाच्या उगमाशी जोडलेल्या नावाची नोंद) ‘अधिकृत वापरकर्ता’ प्रमाणपत्र होतं. ते गेल्या वर्षी वारले. आता बाग मी बघते आणि पुण्यातल्या सोसायट्यांना एक-दोन डझनांची खोकी पाठवते. खोकी बाजारातून तयार घेतली. त्यांवर ‘देवगड हापूस, जीआय प्रमाणित, सेंद्रिय’ असं छापलेलं आहे. माल कमी पडला की शेजारच्या दोन बागांचा आणि विजयदुर्गच्या मावसभावाचा आंबाही त्यांतच भरते. हापूसच्या जीआयची नोंदणी ज्यांच्या नावे आहे, त्यांपैकी एका संस्थेच्या वकिलाची नोटीस आली आहे: पंधरा दिवसांत लेखी हमी द्या, ‘देवगड’ आणि ‘हापूस’ दोन्ही वापरणार नाही असं लिहून द्या आणि पाच लाख भरपाई द्या, नाहीतर फौजदारी. शेजारी म्हणतात, पोलीस खोकी उचलून नेतील. खाडी ओलांडली की देवगड, आंबा तोच. मी काय करू?

उत्तर: ताई, नोटिशीत दोन मागण्या एकत्र बांधल्या आहेत. तुम्ही त्या सोडवून उत्तर द्या. ‘देवगड’ आजपासून बंद करा. ‘हापूस’ वापरणार नाही असं मात्र कुणालाही, कोणत्याही कागदावर लिहून देऊ नका.

हापूसची भौगोलिक उपदर्शनाची (जीआय) नोंदणी २०१८ मध्ये झाली. ती एका तालुक्याची नाही. तिचं क्षेत्र रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर असं पाच जिल्ह्यांचं आहे. नोंदणीधारकांत दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ आहे, तसेच देवगड, रत्नागिरी आणि केळशीचे उत्पादक संघही आहेत. राजापूर रत्नागिरी जिल्ह्यात येतं, म्हणजे तुमची बाग क्षेत्राच्या आत आहे. १९९९ च्या जीआय कायद्याचं कलम २२ मुख्यतः माल खऱ्या उगमापेक्षा वेगळ्या ठिकाणचा भासवणाऱ्याला पकडतं. राजापूरच्या हापूसला हापूस म्हटल्याने उगमाबद्दल कुणाची दिशाभूल होत नाही, मग तो शब्द सोडण्याची मागणी कशाच्या जोरावर?

‘देवगड’चं तसं नाही. चव तीच असेल, माती तीच असेल, पण सातबारा राजापूरचा आहे. देवगडच्या नावाला पुण्यात जास्त भाव मिळतो म्हणूनच ते खोक्यावर होतं, आणि समोरचा वकील नेमकं हेच मांडणार. त्यात देवगडच्या संस्थेने २०२५ च्या हंगामापासून फळावर युनिक कोडचं स्टिकर सुरू केलं आहे. बागायतदाराला ते त्याच्या झाडांच्या हिशेबाने मिळतं. स्टिकर नसलेला ‘देवगड’ आता गिऱ्हाईकच फोटो काढून विचारतं.

तयार खोकी घेतली, छापली दुसऱ्याने, हा बचाव फार चालणार नाही. कलम ३८ मध्ये असं नाव असलेल्या वेष्टनात दुसरा माल भरणं हाही वेगळा प्रकार सांगितला आहे. कलम ३९ ची शिक्षा सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी आहे. फसवण्याचा हेतू नव्हता हे दाखवलं तर सुटका आहे, पण ते दाखवायचं तुम्हालाच. म्हणून खोकी कुठून घेतली, कधी, किती, त्याचं बिल शोधून ठेवा. बिल नसेल तर पैसे पाठवल्याची नोंद तरी काढा.

पोलिसांची भीती मात्र शेजाऱ्यांनी फुगवली आहे. या कायद्याखाली वॉरंटशिवाय झडती-जप्ती उपअधीक्षक दर्जाच्या खालचा अधिकारी करू शकत नाही. त्यालाही आधी जीआय रजिस्ट्रारचं मत घ्यावं लागतं आणि ते पाळावं लागतं. नाक्यावरचा हवालदार गाडी अडवून ‘जीआयची केस आहे’ म्हणाला तर त्याला कलम ५० विचारा.

आता वडिलांचं प्रमाणपत्र. जीआयचा हक्क विकता येत नाही, भाड्याने देता येत नाही, गहाणही ठेवता येत नाही. कलम २४ तसं स्पष्ट सांगतं. मात्र अधिकृत वापरकर्ता वारला तर हक्क वारसाकडे जातो, हेही त्याच कलमात आहे. तेव्हा तुमचा पाया शाबूत आहे. फक्त कागद मागे राहिला आहे. मृत्यूचा दाखला, वारस नोंदीचा फेरफार, तुमचं नाव चढलेला सातबारा (पीक नोंदीत आंबा आणि झाडांची संख्या दिसायला हवी, ई-पीक पाहणी राहिली असेल तर आधी ती) आणि इतर वारसांची लेखी संमती, एवढं जोडून चेन्नईच्या जीआय नोंदणी कार्यालयाकडे नोंद बदलण्याचा अर्ज करा. फेरफारावर भावांची नावं असतील तर संमतीशिवाय अर्ज पाठवू नका, अडकण्याची जागा तीच आहे. सोबत स्वतःच्या नावाने फॉर्म जीआय-३ चा नवा अर्जही टाका. २०२० च्या नियमदुरुस्तीत त्याचं शुल्क ५०० रुपयांवरून १० रुपयांवर आलं. अर्जाची प्रत नोंदणीधारकाला पाठवून त्याची पोच जपा. वडिलांच्या प्रमाणपत्रावरची तारीखही पाहून घ्या. ही नोंदणी दहा वर्षं किंवा मूळ जीआयची मुदत, यांत जे आधी संपेल तोवरच चालते.

शेजाऱ्यांचा आंबा तुमच्या नोंदणीखाली विकू नका. कायदेशीरपणे घेतलेल्या मालाचं पुढे पॅकिंग किंवा विक्री केली तर उल्लंघन होत नाही, असं कलम २२(४) म्हणतं, आणि तो आधार खरा आहे. पण शेजारी स्वतः नोंदणीकृत नसताना तुमचा वापरकर्ता क्रमांक त्यांच्या फळावर जातो, तेव्हा या आधारावर फार भार टाकू नये. त्यांनाही दहा रुपयांचा अर्ज करू द्या. तोवर त्यांचा माल वेगळ्या खोक्यात, त्यांच्या गावाच्या नावाने, तुमचा क्रमांक न टाकता. मावसभावाचा विजयदुर्गचा आंबा खरोखरच देवगड तालुक्यातला. तो त्याच्याच नावाने, स्टिकर मिळालं असेल तर त्याच्या झाडांच्या हिशेबाचं लावून, स्वतंत्र खोक्यात जाऊ द्या. त्यातली दहा स्टिकर उरली म्हणून तुमच्या फळाला लावणं हा उघड गुन्हा होईल. लॉट वेगळे ठेवायला साधी वही पुरते: तारीख, कुणाची बाग, किती डझन, कोणत्या गिऱ्हाइकाला.

‘जीआय प्रमाणित’ ही छपाईही काढा. जीआय उगम सांगतो. सरकारने हे फळ तपासलं असा त्याचा अर्थ नाही, आणि गिऱ्हाईक मात्र तोच घेतं. नोंद तुमच्या नावावर आली की ‘हापूस (जीआय), अधिकृत वापरकर्ता क्रमांक अमुक’ एवढं लिहा. प्रतीचा शिक्का हवा असेल तर तो ॲगमार्कचा, त्याची वाट वेगळी.

नोटिशीत ज्याचा उल्लेखही नाही तो ‘सेंद्रिय’ शब्द मला सर्वांत जास्त खटकतो. बागेत कल्टार घालता का? मोहोर लवकर यावा म्हणून कोकणात अनेक बागांत पावसाळ्यात कलमाच्या बुंध्याशी आळ्यात पॅक्लोब्युट्राझोल (कल्टारमधलं रसायन) ओततात. दुकानदाराच्या वहीत त्याचं बिल तुमच्या नावावर असतं. असा आंबा सेंद्रिय म्हणून विकणं हे अन्न सुरक्षा कायद्याखाली चुकीचं लेबलिंग आहे आणि कलम ५२ मध्ये दंड तीन लाखांपर्यंत जातो. कल्टार घालत नसाल तरी एनपीओपी किंवा पीजीएस-इंडिया या सेंद्रिय प्रमाणीकरणाच्या सरकारी योजनांचं प्रमाणपत्र हाती आल्याशिवाय हा शब्द नको. फळ पिकवायला कार्बाइड वापरण्यावर तर बंदीच आहे. आढी घाला, किंवा इथिलीन वायू १०० पीपीएमच्या मर्यादेत वापरा. शेतकऱ्याच्या शेतावरच्या मालाला अन्न सुरक्षा कायदा लागू नाही (कलम १८), हे ऐकून निर्धास्त होऊ नका. दुसऱ्यांचा माल घेऊन, पिकवून, खोक्यात भरून विकलात की तुम्ही व्यापारी झालात. उलाढालीप्रमाणे एफएसएसएआयची (केंद्राचं अन्न सुरक्षा प्राधिकरण) नोंदणी किंवा परवाना काढा.

नोटिशीला उत्तर पंधरा दिवसांच्या आत, वकिलामार्फत, स्पीड पोस्टाने द्या. व्हॉट्सॲपवर ‘चुकलं, पुन्हा होणार नाही’ असं काही लिहू नका. तो एक ओळीचा मेसेज पुढे पुरावा म्हणून जोडला जातो. त्यांचा हमीचा मसुदा सही करून परत पाठवू नका, कारण अशा मसुद्यात ‘बनावट माल विकला हे मान्य’ असं एखादं वाक्य मधल्या परिच्छेदात लपलेलं असतं. स्वतःचं निवेदन द्या, साधारण असं: ‘आमच्या राजापूर तालुक्यातील बागेच्या आंब्यावर, खोक्यावर व जाहिरातीत देवगड हे नाव आम्ही अमुक तारखेपासून वापरत नाही. हापूस या नावाचा वापर आमच्या कायदेशीर हक्कानुसार चालू राहील. हे निवेदन कोणताही दोष मान्य न करता, सर्व हक्क राखून दिले आहे.’ याच पत्रात नोंदणीचा उतारा, पाच लाखांचा हिशेब आणि नमुना म्हणून घेतलेलं खोकं कुठून, कधी घेतलं, हेही मागा.

पाच लाख आकड्याला घाबरू नका, पण तो हसण्यावारीही नेऊ नका. नोंदणीची माहिती नव्हती आणि कळताच वापर थांबवला, असं सिद्ध झालं तर कलम ६७ नुसार नाममात्र भरपाईच मिळते. तुमच्याबाबत पहिला भाग अवघड आहे, कारण प्रमाणपत्र घरातच होतं. दुसरा भाग तुमच्या हातात आहे आणि न्यायालय तो नक्की पाहतं. दावा जिल्हा न्यायालयाच्या खाली चालत नाही. वादी आपल्या ठिकाणीही तो लावू शकतो, म्हणजे संस्था सिंधुदुर्गातली असेल तर तुम्हाला ओरोसला खेटे घालावे लागतील. मागणी तीन लाखांच्या वर असल्याने वाद व्यावसायिक न्यायालय कायद्यात जातो, आणि तातडीचा मनाई हुकूम मागितला नसेल तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. तिथे नवं खोकं, वही आणि बंद केल्याची तारीख दाखवलीत तर रक्कम बरीच खाली येऊ शकते.

उरलेली खोकी मोजा, फोटो काढा, दोन साक्षीदारांच्या सह्यांची यादी करा आणि फाडून रद्दीत द्या. वर स्टिकर चिकटवण्याची काटकसर नको. चैत्रातल्या दमट हवेत तो सुटतो आणि खाली ‘देवगड’ दिसतं. व्हॉट्सॲप कॅटलॉग, इन्स्टाग्रामचं नाव आणि जुने फोटो त्याच दिवशी बदला. नव्या खोक्यावर हापूस आंबा, बागायतदाराचं नाव, गाव, तालुका राजापूर, जिल्हा रत्नागिरी, नग, किंमत, काढणीची व पॅकिंगची तारीख आणि एफएसएसएआय क्रमांक असू दे.

‘देवगड’ म्हणून आगाऊ घेतलेल्या ऑर्डरींचे पैसे तुमच्याकडे असतील तर माल निघायच्या आधी प्रत्येकाला लेखी कळवा: आंबा राजापूरचा आहे, नको असेल तर पैसे परत. जे हो म्हणतील त्यांचं उत्तर जपून ठेवा आणि नाही म्हणणाऱ्यांचे पैसे आठवड्यात फेडा.